न घडलेल्या घटनेचा माहितीपट

२०२५ च्या मे महिन्यातली एक रात्र. घाटंजीत रात्री दहानंतर रस्त्यावर फारसं कुणी नसतं. आमच्या घरात मात्र भोंगे वाजत होते. टीव्हीवरचा निवेदक बेंबीच्या देठापासून ओरडत होता, मागे हवाई हल्ल्याचा भोंगा चालू होता, आणि कराचीचं बंदर बेचिराख झाल्याची बातमी पडद्याच्या तळाशी धावत होती. सात वर्षांचा नातू मांडीवर येऊन बसला. म्हणाला, "आबा, हे खरं आहे का?"

"टीव्हीवर दाखवतात म्हणजे खरंच असेल," मी म्हणालो.

सकाळी कळलं की कराचीचं बंदर जागच्या जागी आहे. दोन दिवसांनी सरकारनंच वाहिन्यांना सांगितलं, नागरी संरक्षणाचे भोंगे कार्यक्रमांत वाजवू नका. लोकांना त्यांची सवय होईल. आयुष्यभर बँकेत कागद तपासून सह्या केल्या, आणि नातवासमोर मात्र न तपासता सही ठोकून मोकळा झालो. ते मनाला लागून राहिलं.

त्यानंतर काही दिवसांनी मुलानं लॅपटॉपवर एक जुना इंग्रजी चित्रपट लावून दिला. 'द वॉर गेम'. पीटर वॉटकिन्स या तिशीच्या दिग्दर्शकानं १९६५ साली बीबीसीसाठी केलेला. कृष्णधवल, पाऊण तासाच्या थोडा वर. इंग्लंडमधल्या केंट परगण्यावर अणुबॉम्ब पडला तर काय होईल, एवढाच विषय. पण मांडणी थेट माहितीपटाची! हलता कॅमेरा, कोरड्या आवाजातलं निवेदन, रस्त्यातल्या माणसांच्या मुलाखती. कामं करणारी माणसंही तिथलीच, बहुतेक हौशी. डोळे गेलेला मुलगा, आगीच्या वादळात ओढली जाणारी माणसं, वाचण्याची आशा नसलेल्या जखमींना गोळ्या घालणारे पोलीस, आणि मृतांची ओळख पटावी म्हणून बादलीत जमा केलेल्या लग्नाच्या अंगठ्या. यातलं काहीही केंटमध्ये घडलेलं नव्हतं. पण वॉटकिन्सनं ते हवेतून आणलं नव्हतं. हॅम्बुर्ग, ड्रेस्डेन, हिरोशिमा, नागासाकी इथे जे झालं त्याच्या नोंदींवरून त्यानं हे चित्र उभं केलं होतं.

हा चित्रपट बीबीसीनं दाखवला नाही. दूरचित्रवाणीसाठी तो फार भयानक आहे. एकटी, वृद्ध, दुबळ्या मनाची माणसं तो पाहतील, असं कारण नोव्हेंबर १९६५ मध्ये देण्यात आलं. निर्णय आमचाच, बाहेरचं दडपण नाही, असंही सांगितलं गेलं. बीबीसीचे तेव्हाचे अध्यक्ष लॉर्ड नॉर्मनब्रुक हे पूर्वीचे कॅबिनेट सचिव. त्यांनी सरकारी अधिकाऱ्यांना चित्रपट आधीच दाखवून घेतला होता, हे पुढे कागदपत्रं खुली झाल्यावर उजेडात आलं.

१९६६ च्या फेब्रुवारीत निवडक निमंत्रितांसाठी खेळ झाले आणि समीक्षकांत दोन तट पडले. 'ऑब्झर्व्हर'च्या केनेथ टायनन यांनी लिहिलं की आजवर बनलेला हा कदाचित सर्वांत महत्त्वाचा चित्रपट असेल. उलट अनेक वृत्तपत्रांनी बीबीसीचीच बाजू घेतली. हा अण्वस्त्रविरोधकांचा प्रचार आहे, माहितीपटाचा वेश घेऊन प्रेक्षकाला फसवणं आहे, असा त्यांचा आक्षेप होता. आणि गंमत म्हणजे १९६७ मध्ये याच चित्रपटाला ऑस्कर मिळालं, तेही उत्कृष्ट माहितीपटाचं! न घडलेल्या घटनेच्या माहितीपटाला!

आक्षेप घेणारे सगळेच सरकारचे भाट होते असं मी म्हणणार नाही. तो चित्रपट मी नातवाला दाखवला नाही, दाखवणारही नाही. शिवाय हे सारं १९८० पूर्वी घडण्याची दाट शक्यता आहे, असं चित्रपटातला निवेदक सांगतो. ते घडलं नाही. मग चित्रपट खोटा ठरला का?

इथे माझ्यातला जुना बँकवाला जागा होतो. बँकेच्या ताळेबंदात बेरजेच्या खाली शेड्यूल १२ असतं. त्यात 'कंटिन्जंट लायबिलिटी', म्हणजे संभाव्य देणी लिहितात. बँकेनं कुणाची हमी घेतली असेल तर पैसे अजून गेलेले नसतात, कदाचित कधी जाणारही नाहीत. पण आकडा लिहावाच लागतो. हमीची मुदत निभावून गेली म्हणून ती नोंद खोटी ठरत नाही. उलट ती लपवणाऱ्याला आम्ही लबाड म्हणतो. अणुबॉम्ब बाळगणाऱ्या प्रत्येक देशाच्या ताळेबंदाखाली असं एक देणं असतं. वॉटकिन्सनं ते शेड्यूल उघडून लोकांपुढे धरलं, एवढाच त्याचा गुन्हा.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याला कॅमेरा नवा नाही. तो येतो ते शेतकऱ्यानं जीव दिल्यावर. घरासमोर मांडव पडल्यावर. माहितीपट नेहमी घटनेच्या मागून येतो. पण जी घटना झाल्यावर कॅमेरा घेऊन यायलाच कुणी उरणार नाही, तिचा माहितीपट आधीच करावा लागतो. त्याला फसवणूक म्हणायचं, तर मग त्या मे महिन्यातल्या रात्री टीव्हीवर चाललं होतं त्याला काय म्हणायचं? वॉटकिन्स 'असं होऊ शकतं' म्हणाला. वाहिन्या 'असं झालं' म्हणत होत्या.

आपल्याकडचं उदाहरण फार दूरचं नाही. आनंद पटवर्धन यांचा 'जंग और अमन' २००२ साली तयार झाला. हा अस्सल माहितीपट. गांधीहत्येपासून पोखरण-चगाईच्या स्फोटांपर्यंत आणि हिरोशिमाच्या वाचलेल्या माणसांपर्यंत जाणारा. त्याला सेन्सॉर मंडळानं २१ कात्र्या सुचवल्या. त्यात मंत्र्यांची आणि पुढाऱ्यांची दृश्यं व भाषणं काढा, अशीही मागणी होती. म्हणजे त्यांनी स्वतः उघडपणे केलेली भाषणं! अखेर २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं चित्रपट एकही कात्री न लावता मोकळा केला. लंडनला न घडलेलं दाखवलं म्हणून हरकत, मुंबईला घडलेलं दाखवलं म्हणून हरकत. तेव्हा भांडण खऱ्या-खोट्याचं नव्हतंच. लोकांना काय सोसेल हे कुणी ठरवायचं, याचं होतं.

आणि लोक म्हणजे कोण? मीसुद्धा. ११ मे १९९८ ला पोखरणला स्फोट झाले. दुसऱ्या दिवशी शाखेत मीच वर्गणी काढून पेढे आणवले आणि काउंटरवर येईल त्याला वाटले. पेन्शन घ्यायला एक म्हातारे माजी सैनिक आले होते, १९६५ च्या लढाईतले. मी पेढा पुढे केला. ते म्हणाले, "मले गोड चालत नाही, सायेब."

"शुगर आहे का?"

"नाही. शुगर नाही."

पैसे मोजून घेतले आणि गेले. विचित्र माणूस म्हणून आम्ही हसलो.

बीबीसीनं 'द वॉर गेम' दाखवला तो ३१ जुलै १९८५ ला. तयार झाल्यावर तब्बल वीस वर्षांनी. मला त्या म्हाताऱ्याचं उत्तर कळायला त्याहून जास्त वर्षं लागली. तो हे सगळं आधीच पाहून आला होता.

नातवाला मी एवढंच सांगितलं, "त्या रात्री आबा चुकला होता. ते खरं नव्हतं."

त्यानं विचारलं, "मग भोंगा कशाला वाजवत होते?"

याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.