न दुखणाऱ्या मेंदूची डोकेदुखी

मेंदूला स्वतःला दुखत नाही. माँट्रियलचे मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुग्णाला पूर्ण जागं ठेवून त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करत. भूल फक्त डोक्याच्या कातडीपुरती. माणूस बोलतोय आणि डॉक्टर विजेच्या बारीक टोकाने त्याच्या उघड्या मेंदूला स्पर्श करताहेत. कुणाला जुनं गाणं ऐकू येई, कुणाचा हात आपोआप हले, पण वेदना होत नसे. मेंदूच्या पेशीजालात वेदना टिपणारे तंतूच नाहीत. साऱ्या शरीराच्या दुखण्याची दखल घेणारा हा अवयव स्वतःच्या जखमेबाबत ठार बधिर आहे.

मग सकाळी पावणेआठला मीरा रोडच्या फलाटावर, विरारहून खचाखच भरून येणाऱ्या लोकलची वाट बघणाऱ्या माणसाचं डोकं दुखतं, तेव्हा नेमकं काय दुखत असतं?

मेंदूभोवतीची आवरणं दुखतात. त्यांतल्या रक्तवाहिन्या दुखतात. कवटीबाहेरचे स्नायू तर सहज दुखतात, आणि काळजीचा पहिला मुक्काम बहुधा तिथेच पडतो. हे वाचता वाचता दोन्ही कानशिलांवर बोटं ठेवा आणि दाढा घट्ट दाबा. बोटांखाली काहीतरी टणक होऊन वर येईल. तो चावण्याचा स्नायू आहे, आणि तो जबड्यापासून पार डोक्याच्या बाजूपर्यंत पसरलेला आहे. एरवी, जेवत किंवा गिळत नसताना, आपले दात एकमेकांना टेकलेलेही नसतात. चिंतेत असलेला माणूस मात्र तासन्‌तास दाढा आवळून बसतो आणि त्याला पत्ताही नसतो. संध्याकाळी तो म्हणतो, कानशिलं ठणकताहेत.

दुसरी जागा त्याहून विलक्षण आहे. मान कवटीला मिळते तिथे, मागच्या बाजूला खोल, चिमुकल्या स्नायूंच्या चार जोड्या आहेत. डोकं तोलून धरण्याचं बारीक काम त्यांचं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या गॅरी हॅक आणि सहकाऱ्यांनी शवविच्छेदनातून दाखवलं, की यांतल्या एका स्नायूपासून एक पट्टी निघते, कवटी आणि पहिल्या मणक्यामधल्या फटीतून आत शिरते आणि मज्जारज्जूच्या बाहेरच्या आवरणाला जाऊन चिकटते. म्हणजे मानेचा एक स्नायू थेट त्या आवरणाला जोडलेला आहे, जे पुढे मेंदूलाही वेढतं! डोकेदुखीत या पट्टीचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण शरीरशास्त्राची पुस्तकं शतकानुशतकं लिहिली जात असताना अशी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटावी, याचंच मला जास्त नवल वाटतं.

आणि मानेतली कळ कपाळात, डोळ्यांच्या मागे का जाणवते? चेहऱ्याची आणि कपाळाची संवेदना नेणारी मोठी नस आणि मानेच्या वरच्या तीन नसा मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच ठिकाणी येऊन मिळतात. वसई रोडला दिव्याकडची गाडी आणि चर्चगेटकडची गाडी एकाच स्थानकात यावी, आणि पुढच्या माणसाला फक्त ‘गाडी आली’ एवढंच कळावं, तसं हे. कुठून आली ते मेंदू अंदाजाने ठरवतो आणि तो अंदाज पुष्कळदा चुकतो. मान आखडलेली असते, बाम कपाळाला चोळला जातो.

इथवर गोष्ट सरळ वाटते: काळजी, आखडलेले स्नायू, डोकेदुखी. डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं. १९६२ मध्ये अमेरिकन तज्ज्ञांच्या समितीने या दुखण्याचं वर्गीकरण स्नायूंच्या आकुंचनावरूनच केलं. पुढे स्नायूंतली वीज मोजली गेली आणि सगळा घोळ झाला. डोकं दुखणाऱ्या कितीतरी जणांचे स्नायू फारसे आवळलेले नव्हतेच. तरी दाबलं की दुखत होते. १९८८ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने जुनं कारण सोडून दिलं. आज असं मानतात, की स्नायूंकडून येणाऱ्या तक्रारींचा मारा वारंवार झाला की मज्जारज्जू आणि मेंदूतले वेदनेचे मार्गच हळवे होतात. मग साधा स्पर्शही दुखणं म्हणून नोंदला जातो.

चिंता खरा हात मारते तो इथे. मेंदूच्या देठातून खाली मज्जारज्जूकडे जाणारे काही तंतू वरून हुकूम आणतात, ही वेदना दाब किंवा ही वाढव. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या डॉक्टरने पाहिलं, की गंभीर जखमी सैनिकांतल्या सुमारे तीनचतुर्थांश जणांना वेदनाशामक नको होतं. जखम मोठी होती, पण त्यांच्या लेखी तिचा अर्थ जिवंत सुटका असा होता. काळजीत हेच उलटं घडतं. शरीर सतत काहीतरी वाईट येणार म्हणून दबा धरून बसतं, आणि किरकोळ तक्रारही वर मोठी होऊन पोचते. त्यामुळे ‘स्कॅन नॉर्मल आहे, मनाचं आहे तुमच्या’ असं कुणी म्हणालं, तर अर्धंच खरं सांगितलं असं समजावं. दुखणं खरं असतं, आणि त्याची वाट नसांमधूनच जाते.

धोक्यासाठी शरीर कसं सज्ज होतं, हे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या पुस्तकात मांडलं. ॲड्रेनलिन, धडधड, ताणलेले स्नायू: लढा किंवा पळा. पुस्तकांत या ठिकाणी हमखास वाघ येतो. मीरा-भाईंदरकरांना कल्पना करावी लागत नाही, काशिमीरा-घोडबंदरच्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे बिबटे खरे आहेत. बिबट्या निघून गेला की शरीर थंड होतं. पण घराचा हप्ता निघून जात नाही. ग्रामपंचायतीच्या काळातल्या इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रश्न, दहिसर नाक्यावरची कोंडी, भरलेल्या डब्यातून बोरिवलीला उतरायला मिळेल का ही रोजची धास्ती, यांतलं कशाशीच लढता येत नाही आणि कशापासूनच पळता येत नाही. २००१ च्या जनगणनेत या शहरात सव्वापाच लाखांच्या आसपास माणसं होती, २०११ मध्ये आठ लाखांहून जास्त, आणि रेल्वे स्थानकं दोनच. उत्तनच्या कोळीवाड्यात काळजी वेगळी, वादळाचा इशारा आला आणि बोट अजून परतली नाही ही. स्नायूंना आणि नसांना तिचं वेगळेपण कळत नाही.

एक तिढा मात्र सांगायलाच हवा. कित्येकांचं डोकं धावपळीच्या दिवशी दुखत नाही, रविवारी दुखतं. ही बहुधा अर्धशिशी असते: एका बाजूला ठणका, मळमळ, उजेड नकोसा. ताणाची डोकेदुखी दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखी येते. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी अर्धशिशीच्या सतरा रुग्णांच्या रोजनिशा तपासल्या. ताण चढताना नव्हे, उतरल्यानंतरच्या सहा तासांत झटक्याचा धोका जवळजवळ पाचपट दिसला. माणसं थोडी होती, त्यामुळे आकड्याला फार चिकटू नये. पण रविवारची तक्रार वेडगळ नाही एवढं त्यातून कळतं. रविवारी उशिरा उठणं आणि चहा चुकणं यांचाही हात असतोच. रोज चार-पाच कप पिणाऱ्याचा चहा एक दिवस हुकला तरी डोकं धरतं, हे उपवासाच्या दिवशी पुष्कळांनी अनुभवलं असेल.

उपायांकडे येऊ. आधी बाम. अमृतांजनचा जन्म १८९३ मध्ये मुंबईतलाच, काशिनाथुनी नागेश्वर राव यांचा. बामातलं मेंथॉल कातडी थंड करत नाही, ते कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या रेणूला चकवतं. हा रेणू २००२ मध्ये ओळखला गेला, आणि त्यावर काम केलेल्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. त्याआधीच, १९९६ मध्ये, जर्मनीत ताणाच्या डोकेदुखीवर कपाळाला पेपरमिंटचं तेल लावून पाहिलं, तर ते पॅरासिटामॉलच्या गोळीच्या जवळपास बरोबरीचं ठरलं. आजीला हे कुणी सांगितलं नव्हतं.

गोळीचं गणित फसवं आहे. कधीमधी घेतलेली साधी गोळी ठीक. पण महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक, किंवा दहा दिवस संयुक्त गोळी, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. घराघरांत ओळखीची सॅरिडॉन संयुक्तच आहे, पॅरासिटामॉल, प्रॉपिफेनाझोन आणि कॅफीन. ज्याला चिंता आहे तो डोकं दुखेल या भीतीनेही गोळी घेतो, आणि फेरा पुरा होतो.

आता श्वास, जो मला सगळ्यांत थक्क करतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हे कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्येच नोंदवलं होतं. लोणावळ्याला १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं आणि प्राणायामाला प्रयोगशाळेत नेऊन मोजमापं घेतली, निष्कर्ष ‘योगमीमांसा’ त्रैमासिकात छापले. नंतर २००१ मध्ये इटलीतल्या लुचियानो बर्नार्दी यांनी तेवीस निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधली रोझरी आणि एकदा योगातला मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदय व रक्तदाब यांच्या लहरी त्या लयीत एकमेकींशी जुळल्या. उत्तन, पाली, चौक, डोंगरीच्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी रोझरी चालते, भाईंदरच्या एखाद्या सदनिकेत त्याच वेळी जपमाळ फिरते. दोघांचा देव निराळा, श्वास मात्र सारखाच संथ होतो! प्रार्थना नको असेल तर चार मोजत श्वास घ्या आणि सहा मोजत सोडा, पाच मिनिटं. दाढा सुट्या ठेवा, खांदे खाली सोडा. शिकागोच्या एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये सांगितलेली युक्तीही गर्दीत जमते: एक स्नायू मुद्दाम आवळा, मग एकदम सोडा. सैल म्हणजे काय हे शरीराला आवळल्याशिवाय उमगत नाही.

काही डोकेदुख्यांत मात्र यातलं काही करत बसू नये. एका क्षणात कळस गाठणारी प्रचंड वेदना, ताप आणि ताठ मान, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, डोक्याला मार लागल्यावरची किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी असेल तर थेट डॉक्टर.

आणि महिन्याचे निम्मे दिवस डोकं दुखतच राहत असेल, तर एकट्याने झुंजण्यात अर्थ नाही. २००१ मध्ये अमेरिकेत अशा २०३ रुग्णांवर चाचणी झाली. नुसतं औषध घेणाऱ्यांतल्या ३८ टक्क्यांची आणि नुसतं ताण हाताळायला शिकलेल्यांतल्या ३५ टक्क्यांची डोकेदुखी निम्म्यावर आली, खोट्या गोळीवर २९. दोन्ही एकत्र मिळालेल्यांत हा आकडा ६४ होता. हे औषध वेदनाशामक नव्हे, नैराश्यावर देतात त्या जुन्या गटातलं. ते डॉक्टरांनीच ठरवायचं. काळजीविषयी बोलायचं असेल तर ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.