नारुतो, गाळा आणि पक्कं बिल

१९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘द जंगल बुक’ लागायचं आणि घराघरांतली पोरं टीव्हीपुढून हलायची नाहीत. गुलजारांनी लिहिलेलं त्याचं शीर्षकगीत आज चाळिशी गाठलेल्यांना तोंडपाठ आहे. ती मालिका निप्पॉन ॲनिमेशन या जपानी स्टुडिओने १९८९ मध्ये काढली होती, म्हणजे मोगली हा ॲनिमे, अर्थात जपानी ॲनिमेशनच होता. हे ठाऊक नसलेल्या घरांत मुलगा किंवा मुलगी ‘पनवेलला ॲनिमेचं दुकान टाकायचंय’ म्हणाली की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: हे आजकालचं खूळ आहे, दोन वर्षांत ओसरेल.

ओसरायचं असतं तर केव्हाच ओसरलं असतं. २००४ मध्ये ॲनिमॅक्स ही खास ॲनिमेची वाहिनी भारतात सुरू झाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत डोरेमॉन आणि शिनचॅन हंगामा टीव्हीवरून घराघरांत गेले. २०१२ मध्ये जुन्या जपानी बेसबॉल मालिकेवरून ‘सूरज: द रायझिंग स्टार’ निघाली. तिचा नायक मुंबईच्या गरीब वस्तीतला आणि खेळ क्रिकेटचा. २०१९ मध्ये चाहत्यांनी हजारोंनी ऑनलाइन सह्या केल्या, म्हणून दिग्दर्शक माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतातल्या पडद्यांवर आला. १२ सप्टेंबर २०२५ ला ‘डेमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल’ इथे लागला तो जपानी आणि इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगूतही. पोकेमॉन पाहत वाढलेली पहिली पिढी आता कमावती आहे, आणि स्वतःच्या पगारातून खर्च करणारं हे गिऱ्हाईक दुकानदाराच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं.

दुसरा आक्षेप गावाचा. असलं दुकान वांद्र्याला नाहीतर पुण्यात चालेल, पनवेलात कोण घेणार? हा आक्षेप जुन्या पनवेलकडे पाहून घेतलेला आहे. १ ऑक्टोबर २०१६ ला झालेल्या पनवेल महापालिकेत खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल सगळं येतं. नवीन पनवेलमध्ये पिल्लईंची महाविद्यालयं आहेत, चांगू काना ठाकूर महाविद्यालय आहे, क्लासेसची गर्दी आहे. हार्बर आणि ठाण्याकडची अशा दोन्ही लोकल इथे येऊन संपतात. गिऱ्हाईक आहे, मात्र त्याचा खिसा कॉलेजच्या पोराचा आहे. दीडशे रुपयांची कीचेन तो उभ्या उभ्या घेईल, ॲनिमेतल्या पात्राच्या पाच हजारांच्या मूर्तीसाठी सहा महिने साठवेल.

याच्या अगदी उलट समज हल्ली ऐकू येतो: विमानतळ झाला, आता पनवेलात काहीही टाका, चालेल. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली हे खरं. पण बॅग घेऊन टॅक्सीत बसलेला प्रवासी कीचेन घ्यायला शिवाजी चौकात उतरत नाही. त्याच्या भरवशावर चढं भाडं कबूल करणं म्हणजे दुसऱ्याच्या धंद्याचा हिशेब आपल्या वहीत लिहिणं.

पहिल्यांदाच धंद्यात पडणाऱ्याला धाकधूक असते ती सरकारी कागदांची. ‘शॉप ॲक्टसाठी चकरा माराव्या लागतात’, ‘जीएसटीशिवाय शटर उघडता येत नाही’, ‘उद्यम नोंदणीला एजंटच लागतो’. मालाबद्दल मात्र त्याला पक्की खात्री असते: मुंबईच्या घाऊक बाजारात सगळं मिळतं, पाहिजे तेवढं उचलायचं. प्रत्यक्षात कागद सोपे आहेत. अडकवतो तो माल.

आधी कागद उरकून घेऊ. वय अठरा पूर्ण हवं, कारण त्याआधी केलेला करार कायद्याने टिकत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार एक-दोन माणसांच्या दुकानाला नोंदणी लागत नाही; धंदा सुरू केल्याची ऑनलाइन सूचना द्यायची आणि पोच जपून ठेवायची. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्णपणे मोफत आहे आणि जुलै २०२१ पासून किरकोळ दुकानदारालाही ती करता येते. तिच्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत.

फक्त माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर राज्यातल्या राज्यातल्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मेख आहे ती इन्स्टाग्रामवरून बाहेरगावी विकण्यात. पनवेलहून कोल्हापूरला टी-शर्ट कुरिअर केला तर काही बिघडत नाही. तोच बेळगावला किंवा पणजीला पाठवला की विक्री आंतरराज्य होते, आणि करपात्र मालाच्या अशा विक्रीला उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, पुस्तकांची गोष्ट वेगळी. दुकानात चहा-कॉफी किंवा चित्रकलेचे वर्ग सुरू केले तर ती सेवा झाली आणि मर्यादा २० लाखांवर येते. हे बेत पहिल्याच वर्षी करायचे असतील तर सीएची फी वाचवू नये.

पाटीचं एकच सांगायचं. दुकानाचं नाव खुशाल नारुतोच्या गावावरून ‘कोनोहा’ ठेवा, जपानी अक्षरंही रंगवा. पण पाटीवर देवनागरी हवीच आणि तिची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा नियम एका माणसाच्या दुकानालाही आहे.

गाळ्याबाबतचा गैरसमज जास्त महागात पडतो. ‘अकरा महिन्यांचा करार आहे, स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केला की झालं’ असं सर्रास सांगितलं जातं. महाराष्ट्रात ते खरं नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. करार नोंदवलेला नसेल आणि उद्या वाद झाला तर अनामत, भाडेवाढ, नोटिशीची मुदत यातलं काहीही सिद्ध करताना दमछाक होते. मुद्रांक शुल्क असतं एकूण भाड्याच्या पाव टक्का. एवढ्यासाठी धोका पत्करू नये. शिवाय गाळा जुलैत जाऊन पाहावा. गाढी नदीकडच्या सखल भागात पावसाळ्यात पाणी साचतं, आणि हा धंदा कागदाचा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचा आहे.

आता माल. ‘फर्स्ट कॉपी (म्हणजे नकली माल) सगळेच विकतात, कोणी पकडत नाही’ हा या धंद्यातला सगळ्यांत घातक समज. भारत आणि जपान दोघेही कॉपीराइटविषयीच्या बर्न करारात आहेत, त्यामुळे जपानी पात्रांना इथल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं पूर्ण संरक्षण मिळतं. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये, निट प्रो इंटरनॅशनल खटल्यात, स्पष्ट केलं. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय कारवाई करू शकतात, आणि शटरमागे सापडतो तो गल्ल्यावर बसलेला पोरगा. घाऊकवाला नाही.

खोकं हातात घेऊन नीट पाहायला शिकलं पाहिजे. अस्सल मूर्तीच्या खोक्यावर बनवणाऱ्या कंपनीचं नाव आणि हक्कांची ओळ असते. ड्रॅगन बॉल किंवा वन पीसच्या जपानी मालावर बहुतेक वेळा तोएई ॲनिमेशनचं चकचकीत स्टिकर असतं, त्यावर त्यांच्या बोधचिन्हातल्या मांजराचा चेहरा. नकली मूर्तीत डोळ्यांची रेघ हललेली असते, कातडीचा रंग मेणचट दिसतो, सांध्यांपाशी जोड उघडे असतात आणि खोकं उघडताच प्लॅस्टिकचा उग्र वास येतो. आयात केलेल्या मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी छापलेली हवी. ही चिठ्ठी नसेल तर पुढचं बोलणंच नको.

माल अस्सल असला तरी एक पायरी उरते. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि ते नसलेलं खेळणं विकणंच नव्हे तर दुकानात साठवणंही गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २ लाख दंड. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने देशभरातल्या विमानतळांवरच्या आणि मॉलमधल्या दुकानांतून १८,६०० खेळणी जप्त केली. त्यांत मोठी नावं होती, त्यामुळे लहान दुकान नजरेत येत नाही या आशेवर राहू नये. खोक्यावर ‘१५ वर्षांवरील’ छापलं की नियम लागू होत नाही असं व्यापारी सांगतात. त्या छापावर विसंबू नका. वस्तू उघडपणे लहान मुलांच्या खेळण्याची दिसते का, हा प्रश्न उरतोच. पुरवठादाराकडून लेखी घ्या. आयएसआय चिन्हाजवळचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या मोफत ॲपवर तपासता येतो. ‘परदेशातून थेट मागवू, स्वस्त पडेल’ हेही खरं नाही: खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के.

सगळ्यांत हळवा गैरसमज चित्रकार पोरांचा आहे. ‘वन पीसमधला लुफी मी स्वतः काढलाय, मग स्टिकर माझाच.’ हात त्याचा, मेहनत त्याची. पात्र मात्र एइचिरो ओदा आणि त्यांच्या प्रकाशकाचं. टोकियोत १९७५ पासून भरणाऱ्या कॉमिक मार्केटमध्ये चाहते स्वतःची चित्रकथा-पुस्तकं विकतात, हे उदाहरण नेहमी दिलं जातं. पण तिथे हक्कधारक बऱ्याच अंशी कानाडोळा करतात. तो परवाना नव्हे, आणि भारतातल्या दुकानाला त्याचा आधार घेता येत नाही. अशा हातांनी स्वतःची पात्रं काढावीत. सह्याद्रीतला, खाडीकाठचा, लोकलमधला नायक जपानी शैलीत उतरला तर त्याचे सगळे हक्क त्या मुलाचे, आणि तसा माल दुसऱ्या कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

मग अधिकृत विकायचं काय? पहिलं उत्तर पुस्तकं. विझ मीडियाच्या इंग्रजी मांगा भारतात सायमन अँड शुस्टर इंडिया वितरित करते. इथे वेगळी चूक होते: आवडती मालिका अख्खी भरण्याची. ‘नारुतो’चे ७२ खंड आहेत. खंड साडेचारशे रुपये धरला तर एका संचाची छापील किंमत ३२,४०० रुपये होते. ‘वन पीस’ शंभरी ओलांडून पुढे चालली आहे. त्यापेक्षा ‘डेथ नोट’ बारा खंडांत संपते आणि ‘डेमन स्लेयर’ तेवीस. लांब मालिकांचे पहिले तीन खंड ठेवावेत, पुढचे मागणीप्रमाणे आणावेत. कोकणच्या दमट हवेत चार महिने पडून राहिलेल्या पुस्तकाची पानं वाकतात, कडा पिवळ्या पडतात, आणि मग ते छापील किमतीला जात नाही. पुस्तकांच्या जोडीला परवानाप्राप्त टी-शर्ट, गुंडाम यंत्रमानवांची जोडणी-मॉडेलं, कॉस्प्लेसाठी, म्हणजे पात्रांची वेशभूषा करायला, फोमशीट आणि विग. मुंबई कॉमिक कॉनच्या आधीचे आठवडे म्हणजे या दुकानाची दिवाळी.

भांडवलाबद्दल एवढंच: मुद्रा योजनेत सरकार पैसे वाटत नाही, बँक कर्ज देते आणि ते फेडायचं असतं. तारण लागत नाही आणि व्यापारालाही ते मिळतं. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत. पहिल्या दुकानाला शिशु पुरेसं नसलं तरी तिथून सुरुवात करावी. गाळ्याआधी कॉलेजच्या महोत्सवात टेबल मांडून काय खपतं ते पाहिलं, तर कर्जाचा आकडा आपोआप खाली येतो.

आई-वडिलांना एक विनंती. पोरगं दुकानाची गोष्ट काढेल तेव्हा ‘हे कार्टून किती दिवस चालणार’ हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याच्याकडे तीन कागद मागा: पुरवठादाराचं पक्कं बिल, हक्कधारकाच्या परवान्याचा पुरावा आणि गाळ्याच्या नोंदणीकृत कराराचा मसुदा. तिन्ही आणले तर अनामतीला हातभार लावा.