उरलेल्या चुंबकत्वाचं करायचं काय?

230 व्होल्टचा एसी डायोडच्या ब्रिजमधून काढला, की कॅपॅसिटरवर साधारण 325 व्होल्ट डीसी साचतात. लाइन 265 पर्यंत चढली, तर 375. संगणकाला लागतात 12, 5 आणि 3.3. एवढा उतार उतरण्याची एक जुनी, मळलेली वाट म्हणजे फॉरवर्ड कन्व्हर्टर.

त्यातला स्विच, म्हणजे मॉस्फेट, चालू झाला, की ऊर्जा त्याच क्षणी ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे जाते. फ्लायबॅक रचनेसारखी ती आधी गाभ्यात साठवावी लागत नाही. मात्र दर खेपेला फेराइटमध्ये थोडं चुंबकत्व मागे राहतं. ते काढलं नाही तर साचत जातं, गाभा सॅच्युरेट होतो, प्रवाह भडकतो आणि मॉस्फेट उडतो. फॉरवर्डच्या रचनांमधलं खरं भांडण या उरलेल्या चुंबकत्वावरूनच आहे.

सर्वांत जुना उपाय तिसऱ्या वाइंडिंगचा. प्रायमरीइतकेच वेढे आणि एक डायोड, एवढ्यावर ऊर्जा कॅपॅसिटरकडे परत जाते. पण त्या वेळी मॉस्फेटवर इनपुटच्या दुप्पट, म्हणजे 750 व्होल्ट येतात, वर लीकेजचा टोला वेगळा. म्हणून 900 ते 1000 व्होल्टचा मॉस्फेट लागतो. शिवाय गाभा भरायला जेवढा वेळ, तेवढाच रिकामा करायला. म्हणून ड्यूटी, म्हणजे प्रत्येक फेरीत मॉस्फेट चालू राहण्याचा वाटा, 50 टक्क्यांपुढे नेता येत नाही.

यूसी3844 ही चिप ती मर्यादा स्वतःच पाळते: ऑसिलेटरची एक फेरी सोडून एक फेरी ती गप्प बसते. तिची बहीण यूसी3842 दिसायला तशीच, पिनाही त्याच, चालू होण्याचा व्होल्टेजही तोच, साधारण 16. मात्र तिची ड्यूटी जवळजवळ 100 टक्क्यांपर्यंत जाते. दुरुस्तीत एकीच्या जागी दुसरी बसवली तर सप्लाय चालूही होईल. पण स्टार्टिंगला ड्यूटी ताणली गेली, की गाभ्याला रिकामं व्हायला वेळच उरत नाही.

दोन मॉस्फेटची रचना मला यात सर्वांत समंजस वाटते. प्रायमरीच्या वर एक, खाली एक. दोघं एकदमच चालू, एकदमच बंद. दोन डायोड चुंबकत्वाची आणि लीकेजची ऊर्जा कॅपॅसिटरकडे परतवतात आणि प्रत्येक मॉस्फेटवर फक्त इनपुटचाच व्होल्टेज येतो. त्यामुळे 500-600 व्होल्टचे भाग पुरतात. हाफ-ब्रिजमध्ये दोन्ही मॉस्फेट चुकून एकदम चालू झाले तर सरळ शॉर्ट. इथे मध्ये ट्रान्सफॉर्मर असल्याने ती भीती नाही. कटकट एवढीच, की वरच्या मॉस्फेटच्या गेटसाठी वेगळा पल्स ट्रान्सफॉर्मर किंवा ड्रायव्हर लागतो, आणि 50 टक्क्यांची मर्यादाही सुटत नाही.

ती सुटते अ‍ॅक्टिव्ह क्लॅम्पमध्ये. व्हायकॉर कंपनीचे संस्थापक पॅट्रिझिओ व्हिन्सियारेली यांना त्याचं अमेरिकी पेटंट 1984 मध्ये मिळालं. एक छोटा मॉस्फेट आणि एक कॅपॅसिटर मिळून गाभा संपूर्ण बंद वेळभर सावकाश रिकामा करतात. 36 ते 75 व्होल्टच्या टेलिकॉम इनपुटवर ही रचना शोभते. मात्र लोड एकदम बदलला, की क्लॅम्पचा कॅपॅसिटर मागे पडतो आणि सॅच्युरेशनचा धोका परत उभा राहतो.

महागड्या संगणक सप्लायमध्ये आता एलएलसी या रेझोनंट रचनेने फॉरवर्डला बरंच मागे सारलंय. वेल्डिंगच्या इन्व्हर्टर मशीनमध्ये मात्र दोन मॉस्फेटची किंवा आयजीबीटीची जोडी अजून भेटते. रॉड कामाला टेकला की आउटपुट थेट शॉर्ट होतं. त्या वेळी आउटपुटचा चोक प्रवाहाला एकदम उसळू देत नाही आणि कंट्रोलरला पल्स तोडायला सवड मिळते.