घाट उतरताना कितवा गिअर?

डेनव्हरहून आय-७० धरून पश्चिमेला निघालं की तासाभरात आयझेनहॉवर बोगदा लागतो. त्याचं पश्चिमेकडचं तोंड ११,१५८ फुटांवर आहे, आणि तिथून सिल्व्हरथॉर्नपर्यंत सलग आठ मैल उतार. दोन वर्षांपूर्वी पिकअपमागे कॅम्पर जोडून आम्ही तो पहिल्यांदा उतरलो. गिअर 'डी'वर, पाय ब्रेकवर. अर्ध्या वाटेत जळका वास यायला लागला. पुढच्या ट्रकचा असेल, असं मी म्हणाले. शेवटच्या दोन मैलांत ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं, तेव्हा वास कोणाचा ते कळलं. मागे कार-सीटमध्ये मुलगी झोपलेली होती.

त्या रात्री साताऱ्याला मामांना फोन केला. मामा एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेत. खंबाटकी त्यांनी किती वेळा उतरला असेल याची मोजदाद नाही.

"कितव्या गिअरला उतरलीस?"

"मामा, गाडी ऑटोमॅटिक आहे."

"म्हणजे गिअरच नाहीत का तिला?"

गिअर होते. चांगले दहा होते. मी पदार्थविज्ञानात पीएचडी केली आहे, तरी मला हा प्रश्न पडला नव्हता. मग कागद-पेन घेऊन बसले.

गाडी, माणसं, सामान आणि कॅम्पर मिळून वजन साधारण ५ टन. उतार सुमारे १३ किलोमीटर लांब, उंचीतला फरक ढोबळमानाने ७०० मीटर. वजन, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार केला की ३४ मेगाज्यूल येतात. एवढ्या ऊर्जेत शंभर लिटर गार पाणी उकळीला येईल. ताशी ५० मैलांनी हा उतार दहा मिनिटांत संपतो, म्हणजे दर सेकंदाला जवळपास ६० किलोज्यूल, अर्थात ६० किलोवॅट. त्यातला निम्मा भाग हवेचा विरोध आणि टायर खातात (कॅम्पर म्हणजे चालती भिंतच, इथे ती कामाला येते). उरतात ३० किलोवॅट. भारतातल्या बाथरूममधले २ किलोवॅटचे पंधरा गीझर दहा मिनिटं अखंड चालू आहेत, असं समजा. वेग वाढू द्यायचा नसेल तर ही उष्णता कुठेतरी जायलाच हवी, आणि तिला दोनच वाटा आहेत: ब्रेक किंवा इंजिन.

ब्रेकची अडचण अशी की ते उष्णता साठवतात पटकन आणि सोडतात सावकाश. तापलेल्या पॅडमधली रेझिनं विघटित होऊन वायू सोडतात आणि पकड सैल होते. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं. जुन्या, ओलावा मुरलेल्या डॉट-३ फ्लुइडचा उत्कलनबिंदू १४० अंश सेल्सिअसपर्यंत खाली आलेला असू शकतो. ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. माझं पेडल खोल का गेलं असावं, याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

इंजिनाचं गणित वेगळं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल जवळजवळ बंद होतो. पिस्टनला बंद दारामागून हवा ओढावी लागते, शिवाय अंतर्गत घर्षण असतंच. आता चाकं इंजिनाला फिरवतात आणि त्या श्रमाची उष्णता रेडिएटर आणि एक्झॉस्टमधून निघून जाते. उष्णता बाहेर टाकणं हे तर इंजिनाचं रोजचं काम. पण हा विरोध किती मिळणार, ते इंजिन किती वेगाने फिरतंय यावर ठरतं. आमच्यासारख्या ५ लिटर इंजिनाच्या ट्रकमध्ये ताशी ५० मैलांना दहाव्या गिअरमध्ये इंजिन १२०० आरपीएमच्या आसपास असतं, आणि माझ्या हिशोबाने जेमतेम सात-आठ किलोवॅट शोषतं. त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये आरपीएम ४००० होतात आणि शोषण ३० किलोवॅटच्या जवळ जातं. म्हणजे जवळपास अख्खा हिशोब इंजिनावर मिटतो, ब्रेक फक्त किरकोळ दुरुस्तीला उरतात.

एक गंमत: समुद्रसपाटीला हा आकडा थोडा जास्त आला असता. ११,००० फुटांवर हवेचा दाब दोन-तृतीयांशच असतो, त्यामुळे ओढायला हवाही कमी. चढताना ताकद कमी पडते ती याच कारणाने, आणि उतरताना इंजिनाचा ब्रेकही थोडा दुबळा होतो. डिझेलवाल्यांचं प्रकरण निराळं. तिथे थ्रॉटल अडवत नाही, म्हणून एक्झॉस्ट ब्रेक वेगळा द्यावा लागतो.

पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आपणहून तिसऱ्यात का येत नाही? कारण त्याला पेट्रोल वाचवायला शिकवलेलं असतं. ॲक्सिलरेटर सुटला की त्याला वाटतं काम संपलं, आणि तो वरचा गिअर टाकतो. लीव्हरवरचं किंवा डॅशबोर्डवरचं 'टो/हॉल' बटण त्याची ही समजूत बदलतं. मग तो वरचा गिअर उशिरा टाकतो, आणि उतारावर ब्रेक दाबलात तर बऱ्याच गाड्यांत स्वतःहून खालच्या गिअरमध्ये येतो. चढावरही याचा उपयोग आहे. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलात समोरासमोर ठेवलेले दोन पंखे. एक फिरला की तेलाच्या झोताने दुसरा फिरतो, पण थोडा मागे राहून. तो फरक तेलातच उष्णता होऊन उरतो. लॉक-अप क्लच दोघांना जखडतो तेव्हा ही गळती थांबते. चढावर गिअर सारखा आठ-दहा-आठ असा नाचायला लागला की हा क्लच पुन्हा पुन्हा सुटतो आणि तेल तापत जातं. टो/हॉल हा नाच थांबवतो.

तरी एवढ्या लांब उतारावर मी त्याच्यावरही पूर्ण विसंबत नाही. बोगद्यातून बाहेर पडण्याआधीच वेग कमी करून 'एम'मध्ये जाते आणि गिअर स्वतः निवडते. आधी, कारण वेग वाढल्यावर खालचा गिअर मागितला तर इंजिन मर्यादेबाहेर फिरेल म्हणून गिअरबॉक्स नकार देऊ शकतो. ४००० आरपीएमचा आवाज पहिल्यांदा घाबरवतो. लाल रेषा अजून बरीच लांब असते. तरीही वेग चढला तर ब्रेक हलका धरून ठेवायचा नाही. जोरात दाबून पाचेक मैल वेग उतरवायचा आणि सोडून द्यायचा, म्हणजे मधल्या वेळात तो थंड होतो.

"पॅड स्वस्त, गिअरबॉक्स महाग, मग इंजिनाला का त्रास?" असं पार्किंगमध्ये एका सद्गृहस्थांनी मला ऐकवलं. सिग्नलला थांबण्यापुरतं ते खरं आहे. आठ मैलांच्या उताराला नाही. याच उतारावर बाजूला खडी भरलेले रनअवे ट्रक रॅम्प बांधून ठेवलेत ते काय उगाच?

पुण्यात नवले पुलाजवळच्या अपघातांच्या बातम्यांत डिझेल वाचवायला न्यूट्रलवर आणलेल्या ट्रकचा उल्लेख वारंवार येतो. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंधनाचा फवारा बहुतेक वेळ पूर्ण बंदच असतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. म्हणजे ब्रेकही जातो आणि बचतही होत नाही.

बर्फ किंवा ओल्या रस्त्यावर मात्र सांभाळा. इंजिनाचा ब्रेक फक्त चालक चाकांवर लागतो. एकदम खालचा गिअर टाकला तर मागची चाकं घसरू शकतात आणि कॅम्पर आडवा येतो. तेव्हा एकेक गिअर हळूहळू उतरवायचा, वेग आधीच कमी ठेवायचा, आणि कॅम्परचे स्वतःचे ब्रेक चालू आहेत ना हे निघण्यापूर्वी कंट्रोलरवरून तपासायचं.