पीएच.डी. झाली, तरी अजून शिकतेच आहे?

वस्तीतल्या एखाद्या घरातली पोरगी जीवशास्त्रात पीएच.डी. होते, पुण्याला किंवा बंगळूरला 'पोस्टडॉक' म्हणून लागते, आणि शेजारच्या बाया तिच्या आईला विचारू लागतात, "डॉक्टर झाली ना गं? मग दवाखाना कधी टाकते? अन् लग्नाचं काय?" आईकडे उत्तर नसतं. पोरीचं काम आपल्या रक्ताशी जोडलेलं आहे, म्हणून आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला.

पोस्टडॉक म्हणजे शिकणं नव्हे, ते काम आहे. पीएच.डी.नंतर एखाद्या प्रयोगशाळेत करारावर केलेलं संशोधन. त्यातही संगणकीय जीवशास्त्र असेल तर हातात परीक्षानळी क्वचितच येते. माणसाच्या जनुकसंचाची एक प्रत म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला सुमारे 300 कोटी अक्षरांचा मजकूर. यंत्र तो तुकड्या-तुकड्यांनी वाचतं. ते तुकडे जुळवायचे, हजारो माणसांचे मजकूर शेजारी ठेवून फरक शोधायचा, आणि सापडलेला फरक खरा की यंत्राची चूक, हे गणिताने तपासायचं. दिवसाचा निम्मा वेळ प्रोग्राम का अडकला हे शोधण्यात जातो. पुणे विद्यापीठात या विषयाचं केंद्र 1987 पासून आहे, म्हणजे हे खूळ काही कालचं नाही.

कोरोनात आम्ही नाकातून स्वॅब घ्यायचो, ते पुढे कुठे जायचे याचा विचार करायला तेव्हा सवड नव्हती. त्यातल्या काही नमुन्यांतल्या विषाणूचा मजकूर वाचला गेला. 24 मार्च 2021 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन बदल एकत्र आलेला विषाणू वाढतो आहे. त्याच कुळातला एक पुढे डेल्टा म्हणून जगभर गेला. हे बदल ओळखणारे बरेचसे लोक संगणकासमोर बसलेले होते.

पण आपल्या घरांसाठी याहून जवळचं उदाहरण सिकलसेलचं. आदिवासींबरोबरच पूर्वाश्रमीच्या महार समाजात हा आजार जास्त आढळतो, हे विदर्भातले डॉक्टर 1950 च्या दशकापासून नोंदवत आले आहेत. हिंगोलीची सीमा वाशीम-यवतमाळला लागून, सोयरिकीही तिकडच्याच. म्हणून 'तो विदर्भाचा आजार' असं म्हणून आपली सुटका नाही.

या आजारात हिमोग्लोबिनच्या एका जनुकात फक्त एक अक्षर बदलतं, 'ए'च्या जागी 'टी'. तेवढ्याने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, रक्तवाहिनीत अडकते आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात. वॉर्डात रात्रभर कण्हणारं लेकरू ज्याने पाहिलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

हे अक्षर आलं कुठून? 2018 साली श्रायनर आणि रोटिमी या दोघा संशोधकांनी संगणकावर अनेक देशांतल्या लोकांचे जनुकसंच ताडून पाहिले. हा बदल आफ्रिकेत एकदाच, सुमारे 7,300 वर्षांपूर्वी झाला आणि तिथून पसरला, असा त्यांचा निष्कर्ष. 'कुणाची करणी' म्हणणाऱ्यांना हे आवर्जून सांगा.

दुसरी गोष्ट औषधाची. गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते मोठेपणीही टिकलं तर सिकलसेल सौम्य राहतो. ते कुणात जास्त का टिकतं, हे शोधताना 2007-08 च्या सुमारास बीसीएल-11-ए या जनुकाकडे बोट गेलं. तेही असंख्य माणसांच्या जनुकांची तुलना करूनच. त्या शोधाच्या आधारे कॅसजेव्ही ही जनुक-संपादनाची उपचारपद्धती तयार झाली. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर 2023 मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबरमध्ये तिला मान्यता मिळाली. अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर! आपल्या वस्तीच्या हाती आज आहे ते हायड्रॉक्सीयुरिया. तेही गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत घ्यायचं, मनाने बंद करायचं नाही. आणि लग्न ठरवताना पत्रिकेऐवजी दोघांची सिकलसेल चाचणी करा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळाची शक्यता चारात एक असते. नुसत्या वाहकाला आजारी समजू नका, त्याचं लग्नही मोडू नका.

जगातल्या अशा मोठ्या अभ्यासांत आजवर बहुतांश नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे होते. आपल्या देशाच्या जीनोम इंडिया प्रकल्पात 10,000 जनुकसंच वाचले गेले, ही सुरुवात चांगली. पण आपलं रक्त नळीत जाणार आणि त्यावरचा प्रश्न दुसरेच ठरवणार, हे किती दिवस चालायचं? दुखणं घरात पाहिलेली पोरगी संगणकासमोर बसली तर ती वेगळा प्रश्न विचारेल, असं मला वाटतं.

आता व्यवहाराचं. केंद्राच्या 2023 च्या सुधारित दरांनुसार पीएच.डी.च्या सुरुवातीला महिना 37,000 रुपये फेलोशिप आणि पीएच.डी.नंतर रिसर्च असोसिएटला 58,000 ते 67,000, शिवाय घरभाडं. मात्र नोकरी कायम नाही, प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. पैसे उशिरा येण्याची तक्रारही जुनीच. तिशी ओलांडलेली, शहरात एकटी, दिवसभर खुर्चीत. पाठ धरते, झोप उडते, मन खचतं. त्यात घरून रोज 'कधी संपणार' हा फोन. बाबासाहेबांना लंडनची डी.एससी. 1923 साली मिळाली तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते, हे त्या फोनवाल्यांनी आठवावं.

ज्यांची मुलं बारावीत आहेत त्यांनी जीवशास्त्राबरोबर गणित सोडू देऊ नका. पीएच.डी.साठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पुण्याच्या बार्टीची फेलोशिप आहे, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र मात्र आताच काढून ठेवा, कारण ऐन वेळी अर्ज तिथेच अडकतो.