फ्लायव्हील का अडकते आणि कसे सुटते?

एकात एक घालून ठेवलेले स्टीलचे दोन पेले काही केल्या सुटत नाहीत, हा अनुभव प्रत्येक घरात कधी ना कधी येतो. ओढून, पिळून, आपटून सगळे थकले की घरातील एखादी जाणती व्यक्ती आतल्या पेल्यात गार पाणी ओतते, बाहेरचा पेला गरम पाण्यात धरते आणि क्षणभरात दोन्ही पेले अलगद वेगळे होतात. यंत्राच्या दुनियेत हाच पेच फार मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. इंजिन दुरुस्तीला खोलताना शाफ्टच्या टोकावर बसलेले फ्लायव्हील हलेनासे होते. अशा वेळी घण हाती घेण्याचा मोह होतो आणि शेकड्यांत होणारी दुरुस्ती हजारांत जाते.

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या कारागिरांना हा पेच नवा नाही. तेथील बहुतेक प्रत्येक ड्रिल मशीनमध्ये मोठे ड्रिल निमुळत्या दांड्याने बसवलेले असते. त्याला ना स्क्रू, ना नट. दांडा वर दाबला की तो भोकात रुतून बसतो आणि लोखंड कापतानाही सहसा निसटत नाही. काढायचा झाल्यास बाजूच्या फटीत एक चपटी पाचर घालून तिच्यावर हलका ठोका द्यावा लागतो. दुरुस्तीला आलेल्या जुन्या दुचाकीचे फ्लायव्हील, ज्याला मेकॅनिक ‘मॅग्नेट’ म्हणतात, तेही अशाच निमुळत्या शाफ्टवर बसलेले असते. रोटरी इंजिनाचे अवजड फ्लायव्हील हे याच कुटुंबातील सर्वांत हट्टी भावंड म्हणावे लागेल.

पाचरीचे गणित

निमुळता जोड, म्हणजेच टेपर, ही वस्तुतः गोलाकार पाचर असते. दाराखाली बारीक उताराची पाचर सारली तर ती तेथेच रुतते. तीच जास्त उताराची असेल तर दाबताच मागे सरकते. उताराचा कोन एका मर्यादेपेक्षा कमी असला की घर्षणाचे बल निसटू पाहणाऱ्या बलावर मात करते. कोरड्या पोलादावर पोलाद घासते तेव्हा ही मर्यादा साधारण आठ अंशांच्या आसपास असते. फ्लायव्हीलच्या टेपरचा उतार तिच्या बराच आत ठेवलेला असतो. त्यामुळे नट सोडला तरी फ्लायव्हील सुटत नाही. नटाचे काम फ्लायव्हीलला टेपरवर चढवण्याचे असते. एकदा ते चढले की घर्षणच त्याला धरून ठेवते.

येथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. शाफ्ट आणि फ्लायव्हील यांच्यामध्ये बसवलेली छोटी चावी इंजिनाची ताकद वाहून नेते, असे अनेकांना वाटते. ताकद प्रत्यक्षात जाते ती टेपरच्या पृष्ठभागांतील घर्षणातून. चावी मुख्यतः फ्लायव्हील ठरलेल्या जागीच बसावे यासाठी असते. म्हणूनच चावी तुटलेली आढळली तर दोष सहसा चावीत नसतो. जोड आधीच सैल झालेला असतो.

वर्षानुवर्षे इंजिन तापते, थंड होते, थरथरते. टेपरच्या दोन पृष्ठभागांत डोळ्यांना न दिसणारी हालचाल होत राहते आणि तेथे तांबूस भुकटी साठते. नीट बसलेला जोड मग जणू एकजीव होऊन जातो.

रोटरी इंजिनाचे वेगळेपण

नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो. जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोटरी इंजिनात त्याच्या जागी फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर असतो. हा रोटर विकेंद्री शाफ्टभोवती फिरतो आणि त्याची एक फेरी पूर्ण होईपर्यंत शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात. एनएसयू या जर्मन कंपनीने १९६४ साली अशा इंजिनाची मोटार बाजारात आणली. जपानच्या माझदाने १९६७ मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ आणि १९७८ मध्ये ‘आरएक्स-७’ आणून ते जगभर नेले. १९९१ साली फ्रान्समधील ‘ल मान्स’ची २४ तासांची शर्यतही माझदाच्या रोटरी इंजिनाने जिंकली.

नाशिकच्या रस्त्यांवर अशी मोटार क्वचितच कोणी पाहिली असेल. मात्र हे इंजिन महाराष्ट्राला अगदीच परके नाही. शेजारच्या तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर येथील वाहन संशोधन आणि विकास संस्था ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठी देशी वांकेल इंजिन घडवण्यात सहभागी होती. बंगळुरूच्या दोन संस्थांच्या साथीने साकारलेल्या या ५५ अश्वशक्तीच्या इंजिनावर ‘निशांत’ने मार्च २००९ मध्ये कर्नाटकातील कोलार येथून उड्डाण केले. आकाराने लहान, वजनाने हलके आणि तरीही ताकदवान, हा या इंजिनाचा गुण विमानाच्या कामी येतो.

माझदाच्या रोटरी मोटारींत फ्लायव्हील विकेंद्री शाफ्टच्या मागच्या टोकावर एकाच मोठ्या नटाने आवळलेले असते. ‘१३बी’ या प्रसिद्ध इंजिनात हा नट ५४ मिलिमीटरच्या पान्याचा असून तो ३९२ ते ४९० न्यूटन-मीटर इतका आवळावा लागतो. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ४० ते ५० किलोचे वजन टांगावे, तेवढा हा जोर झाला. मोटारीच्या चाकाचा नट साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळतो. त्यातच नटाच्या आट्यांना घट्ट धरणारे रसायन लावलेले असते. असे इंजिन खोलताना पहिली खरी लढाई येथेच होते.

नट सैल करावा, काढू नये

प्रथम फ्लायव्हीलच्या कडेवरील दात्यांत अडसर लावून ते फिरण्यापासून रोखावे लागते. आट्यांतील रसायन नरम पडावे म्हणून नटाला मर्यादित शेक देतात. फ्लायव्हीलच्या मागेच रबरी ऑइल सील असल्याने ज्योत फार वेळ धरून चालत नाही. त्यानंतर लांब पाइप लावलेल्या पान्याने नट सैल केला जातो.

यानंतरचा नियम सर्वांत महत्त्वाचा. नट पूर्ण काढायचा नाही; काही आटे सैल करून तो शाफ्टच्या टोकाशी समपातळीत आणून ठेवायचा. त्यामागे दोन कारणे आहेत. टेपर सुटतो तेव्हा हळूहळू सुटत नाही. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज होतो आणि आठ-दहा किलोचे फ्लायव्हील झटक्यात मागे उडी घेते. नट जागेवर असेल तर ते तेथेच अडते. नसेल तर कामगाराच्या पायावर किंवा छातीवर येते. दुसरे कारण असे की ठोके बसताना शाफ्टचे आटे नटामुळे सुरक्षित राहतात.

फ्लायव्हीलवर क्लच बसवण्यासाठी आट्यांची भोके असतात. त्यांत बोल्ट घालून पुलर बसवावा, त्याचा मधला स्क्रू शाफ्टवर टेकवून घट्ट ताण द्यावा. एवढ्याने फ्लायव्हील सुटले नाही तर ताण अफाट वाढवत नेण्यात अर्थ नसतो. ताण कायम ठेवून पुलरच्या स्क्रूच्या डोक्यावर हातोडीचा एकच नेमका, सणसणीत ठोका द्यावा. ताणामुळे जोड निसटण्याच्या उंबरठ्यावर आलेला असतो. ठोक्याच्या धक्क्याने घर्षणाची पकड क्षणभर ढिली होते आणि तेवढा क्षण पुरतो. तरीही हट्ट सुटला नाही तर फ्लायव्हीलच्या मध्यभागाला थोडा शेक द्यावा. बाहेरचा भाग आतल्या शाफ्टपेक्षा आधी तापून प्रसरण पावतो. पेल्यांचीच युक्ती ही!

जे करू नये, त्याची यादीही छोटी नाही. फ्लायव्हील आणि इंजिन यांच्यामध्ये पहार घालून उचकटल्यास मागचे सील आणि त्याची बैठक दुखावते. जबड्यांचा पुलर बाहेरच्या कडेला लावून ओढल्यास बिडाला तडा जाऊ शकतो. पुढच्या बाजूचा पुलीचा बोल्ट आधीच काढून ठेवला असेल तर धक्क्याने शाफ्ट मागे सरकतो, पुढचे सुयांचे बेअरिंग जागेवरून घसरते आणि पुन्हा आवळताना त्याचा चुरा होतो. ही चूक इंजिन सुरू झाल्यावरच कळते.

व्हेस्पाच्या रचनेवर बेतलेल्या जुन्या स्कूटरींत अभियंत्यांनी या प्रश्नाचे सुरेख उत्तर शोधले होते. तेथे नट सैल केला की तो फ्लायव्हीलमधील एका कडीला अडतो. फिरवत राहिले की पुन्हा घट्ट लागतो आणि फ्लायव्हीलला स्वतःच बाहेर ओढतो. हे ठाऊक नसलेला माणूस नट अडकला असे समजून छिन्नी चालवतो आणि ती कडीच तोडून टाकतो.

पुन्हा बसवताना

फ्लायव्हील निघाले म्हणजे काम संपले असे होत नाही. टेपरचे दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ, कोरडे आणि ओरखड्यांविना असावे लागतात. स्पर्श सगळीकडे सारखा होतो की नाही, हे निळा रंग लावून पाहता येते. रोटरी इंजिनात आणखी एक दक्षता आवश्यक असते. विकेंद्री शाफ्टवर फिरणाऱ्या रोटरांचा तोल सांभाळणारे मागचे वजन अनेक इंजिनांत फ्लायव्हीलमध्येच ओतलेले असते. म्हणून दुसऱ्या इंजिनाचे फ्लायव्हील दिसायला सारखे असले तरी चालत नाही. शेवटी नटाच्या आट्यांना रसायन, त्याच्या बैठकीला तेल रोखणारा लेप आणि ठरवून दिलेला जोर, यांत काटकसर करता येत नाही. नट कमी आवळला तर टेपर कुरतडला जातो, चावी तुटते आणि शाफ्टच बदलण्याची पाळी येते.

जो जोड हजारो फेऱ्यांच्या वेगातही सुटू नये म्हणून घडवला गेला, तो घणाच्या दहा घावांनी सुटावा, ही अपेक्षाच चुकीची. त्याला धरून ठेवणारे घर्षण कोठे आहे हे ओळखले, तर ताण, ऊब आणि एक ठोका एवढ्यावर काम भागते. दुरुस्तीला दिलेले वाहन परत घेताना ग्राहकाने मेकॅनिकला एवढेच विचारावे, ‘पुलर लावला होता ना?’