विषाणूची बॅग आणि लाल रिबीन

यंदाचा निधी आपण भारतातल्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी जमवत आहोत. या आजारावरच्या एका नव्या उपचाराचं मूळ एचआयव्हीच्या कुळातल्या विषाणूंत आहे, हे वाचून नवल वाटेल. म्हणून ही थोडी माहिती.

एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस. त्याचा सगळा आराखडा आरएनएच्या सुमारे ९,५०० अक्षरांच्या धाग्यावर असतो. पेशीत नवा विषाणू तयार होताना हा धागा कवचात भरावा लागतो. पण पेशीचे स्वतःचे हजारो प्रकारचे आरएनए तिथे असतात. त्यांतून आपला कसा ओळखायचा?

विमानतळावर आपण काय करतो? पट्ट्यावर सगळ्या काळ्या बॅगा, म्हणून आपल्या बॅगेला लाल रिबीन बांधतो. विषाणूचंही तसंच. धाग्याच्या सुरुवातीजवळचा भाग दुमडून खास आकार घेतो. या खुणेला 'साय' म्हणतात. 'गॅग' नावाच्या प्रथिनात जस्ताचे अणू धरलेले दोन चिमटे असतात, ते ही खूण पकडतात. मग आणखी गॅग रेणू जमून भोवती कवच रचतात. गंमत म्हणजे आत एक नाही, दोन धागे जातात, फुगडी घालणाऱ्या मुलींसारखे एकमेकांना धरून. एक तुटला तर दुसऱ्यावरून नक्कल पुढे चालू राहते.

१९८३ साली मान, मलिगन आणि बाल्टिमोर या अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांच्या एका रेट्रोव्हायरसमधून ही खूण काढून टाकली. कवचं तयार झाली, पण विषाणूचा आराखडा त्यांत जवळजवळ भरलाच गेला नाही. उलट, खूण ठेवून विषाणूची जनुकं काढली आणि हवं ते जनुक जोडलं, तर कवच तेच भरून घेतं. म्हणजे घातक विषाणूचा झाला टपाल्या!

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आलेल्या 'नेक्सकार १९' उपचारात हेच तंत्र आहे. रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढतात, असा टपाल्या त्यांत नवं जनुक पोचवतो, आणि कर्कपेशी ओळखायला शिकलेल्या त्या पेशी रुग्णाला परत देतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात त्याला मंजुरी मिळाली. परदेशातल्या अशा उपचारांच्या मानाने तो बराच स्वस्त, तरी खर्च लाखांतच.

विज्ञानाने वाट काढली आहे. पण पैशांअभावी कुणी त्या वाटेवर अडून राहू नये, एवढंच आपल्या हातात आहे. तेव्हा मंडळी, सढळ हाताने मदत करा!